पाचवा काटा

माझी धाकटी जाऊ लग्नानंतर चार महिन्यांनी बालाघाटला राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात दोन सूटकेस, एक कुकर आणि एक मायक्रोस्कोप होता. मायक्रोस्कोपची पेटी तिने कोणालाच उचलू दिली नाही. ऑटोतून उतरून, पेटी पोटाशी धरूनच ती उंबऱ्याशी उभी राहिली. सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, तो पेटीवरूनही ओवाळला गेला. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. टोचायला सुरुवात तिथूनच झाली.

दीराची बदली बालाघाटला झाली होती. तिचं पीएचडीचं काम शेवटच्या टप्प्यावर होतं. प्रयोगशाळेतलं सगळं आटोपून, काचपट्ट्यांच्या पेट्या घेऊन ती आली होती. आता फक्त बघायचं आणि लिहायचं उरलं होतं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी कोठीची खोली रिकामी करायला घेतली. किरनापूरच्या शेतातून येणारा चिन्नोर तांदूळ वर्षानुवर्षं त्या खोलीत राहायचा. पोती बाहेरच्या पडवीत आली, खोलीला चुना लागला, खिडकीशी टेबल आलं, वर ट्यूबलाइट लागली.

मी एकोणीस वर्षं या घरात आहे. शाळेत अकरावी-बारावीला जीवविज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं मी वह्या-पेपर तपासले ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नाहीतर पलंगावर मांडी घालून. मला कोणी टेबल दिलं नाही, हे मी मनाशी म्हणत होते. मी कधी मागितलं नव्हतं, हे मात्र म्हणत नव्हते.

तिचा विषय कळला तेव्हा तर मला हसूच आलं, कडू हसू. दगडात सापडणारे सूक्ष्म जीव. मी एमएस्सी वनस्पतिशास्त्रात केलं, माहेरच्या राजेगावहून गोंदियाला रोज बसने जाऊन-येऊन. शेवटच्या वर्षाला आमच्या एका सरांनी मला दगडातले परागकण दाखवले होते. परीक्षा झाल्यावर त्यांनी दूरच्या एका शहरातल्या संशोधन संस्थेत माझ्यासाठी शब्द टाकला. तिकडून पत्र आलं, या म्हणून. तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. मी गेले नाही. पुढे शाळेत, शेजारपाजारी, माहेरी, नवऱ्यालासुद्धा, मी एकच गोष्ट सांगत आले: सासरी चाललं नसतं.

आणि त्याच सासरी आता चुना लावलेल्या खोलीत मायक्रोस्कोप चालत होता.

पहिल्या आठवड्यात तिने मला दोनदा बोलावलं. "ताई, बघता का? छान फोकस लागलाय." दोन्ही वेळा मी कणीक मळत असल्याचं सांगितलं. एकदा खरंच मळत होते. मग एका सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी चोरासारखी खोलीत शिरले आणि डोळा लावला.

पिवळसर काचेसारखं काहीतरी उजेडात तरंगत होतं. लंबगोल अंग, आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी निघालेले काटे. काटे म्हणते, पण ते आतून पोकळ होते, आणि प्रत्येकाचं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं. मी बारीक फोकसचं चाक हलवलं. वरचे काटे धूसर झाले आणि खालून दुसरे वर आले, जसे तळ्यातून कोणी हात बाहेर काढावेत. बाथरूमचं दार वाजलं तशी मी चाक होतं तिथे आणून ठेवलं आणि बाहेर पडले. दिवसभर वर्गात शिकवताना मला ते काटेच दिसत होते. इतक्या वर्षांत इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं, आणि ते तिचं होतं.

एका रविवारी जेवणानंतर तिने सगळ्यांना दाखवलं. दीर आणि माझा नवरा बघून गेले. सासूबाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"हे काय वो? गोखरूचा काटा हाय काय?"

ती हसली. "नाही आई. हा समुद्रात तरंगणारा जीव होता. एका पेशीचा. त्याला चाबकासारखे दोन केस असतात. एक कमरेभोवतीच्या खाचेत, एक खालच्या बाजूला. त्यांच्यावर तो भोवऱ्यासारखा फिरत जातो. दिवस वाईट आले की स्वतःभोवती कवच करतो आणि तळाला जाऊन बसतो. दिवस बरे आले की कवचाला दार पाडून निघून जातो. आपल्याला दगडात सापडतं ते त्याचं रिकामं घर."

"रिकामं घर," सासूबाई म्हणाल्या. "आन् मोठं केवढं?"

"आपल्या केसाच्या जाडीएवढं."

"बापा! आन् दगडातून काढतात कसं?"

"दगड आम्लात विरघळवतात. दगड जातो, हे कवच उरतं. आम्लही त्याला खात नाही."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पाह्यलं काय तू?"

"नंतर बघते," मी म्हटलं.

माझी जाऊ अशी की तिला माझं तुटक बोलणं समजायचंच नाही, किंवा समजून न समजल्यासारखं ती करायची. ती मला सगळं सांगत राहायची. स्वयंपाकघरात लसूण सोलताना सांगायची, अंगणात कपडे वाळत घालताना सांगायची. या कवचांची ओळख कशी पटवतात, ते तिने मला अंबाडीची पानं खुडता खुडता सांगितलं. जिवंतपणी या जिवाचं अंग प्लेटांनी मढलेलं असतं, ओळीओळीने: डोक्यावरची ओळ, तिच्याखाली कमरेच्या वरची, मग कमरेचा पट्टा, त्याखालची, आणि तळाची. कवचावर त्या प्लेटा दिसत नाहीत, पण खुणा राहतात. कुठे बारीक रेघा, कुठे काटे. तिला सापडलेल्या जातीत दर प्लेटेमागे बरोबर एक काटा होता. म्हणजे काटे मोजले की प्लेटा मोजल्या.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं दार," ती म्हणाली. "दार म्हणजे गळून पडलेली प्लेट. काहींचं दार डोक्यावर उघडतं, काहींचं पाठीवर. पाठीवरचंही एका प्लेटेचं की दोन प्लेटांचं, हे बघायचं. प्रजाती, म्हणजे सारख्या जातींचं घराणं, दारावरून ठरते. माझ्या जातीत कमरेच्या वरच्या ओळीतली एकच प्लेट गळलीय. त्या ओळीत सहा प्लेटा असतात. एक गेली, पाच काटे उरले."

"पाच मोजले का तू?"

"मोजले ना. सात नमुने आहेत माझ्याकडे. सगळे थोडे चेपलेत, पण एक फार चांगला आहे. तोच मुख्य नमुना धरणार आहे. ताई, ही जात याआधी कोणी लिहिलेली नाही. बारशाचा मान आपला."

'आपला' म्हणाली ती. मी अंबाडीचं देठ कचकन मोडलं.

मोहल्ल्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. सासूबाई भाजीवाल्याला सांगायच्या, दुधाला आलेल्या बाईला सांगायच्या, वारासिवनीला त्यांच्या बहिणीला फोनवर सांगायच्या. "आमच्या लहानीनं समुद्राचा जीव शोधला. तिनंच नाव ठेवायचं हाय त्याचं." एकोणीस वर्षांत माझ्या हाताखालून किती पोरं डॉक्टर-नर्स होऊन गेली. त्यांच्याबद्दल असं फोनवर कधी कोणी बोललं नाही.

एक दिवस शाळेतल्या दोन शिक्षिका घरी आल्या होत्या. चहा घेताना जावेचा विषय निघाला, आणि मी माझं जुनं वाक्य बोलून गेले. "मलाही बोलावणं होतं हो. पण माझ्या वेळी या घरात चाललं नसतं." सासूबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या.  पाहुण्या गेल्यावर, सूप मांडीवरून न हलवता त्यांनी विचारलं, "काहून वो, असं कोण म्हनलं होतं तुले?"

"काय?"

"चाललं नसतं म्हनून. तुझ्या सासऱ्यानं म्हनलं होतं, का मी? तू तं कधी विचारलंच नाई. मले तं तुझ्या बोलावण्याचं आजच समजून राह्यलं."

मी चहाचे कप उचलू लागले. खरं उत्तर मला चांगलं माहीत होतं. पत्र आलं तेव्हा मी घाबरले होते. दूरचं शहर, इंग्रजीत बोलणारी माणसं, आपण कमी पडलो तर काय, ही भीती. लग्न ठरल्याचं निमित्त मिळालं आणि मी त्यामागे लपले. पुढे ती लपण्याची जागाच मला खरी वाटायला लागली. सासूबाईंनी एका प्रश्नात ती काढून घेतली. त्यांच्यावर रागवावं असं त्या काहीच बोलल्या नव्हत्या. म्हणून सगळा राग जावेवर गेला. ती आली नसती तर हे उघडं पडलंच नसतं.

त्याच आठवड्यात तिने मला चित्र काढायला सांगितलं.

नव्या जातीचं वर्णन छापायचं तर फोटोंसोबत रेखाचित्र लागतं, पाठीकडून एक आणि पोटाकडून एक. कोणता काटा कुठून निघतो ते फोटोत नीट कळत नाही. फोटोत वरचं-खालचं सगळं एकात एक मिसळतं. तिने माझ्या शाळेच्या फळ्यावरचं हृदयाचं चित्र कोणाच्या तरी फोनमध्ये पाहिलं होतं. "ताई, हात तर तुमचा आहे. माझ्या हातून सरळ रेघ येत नाही. काढता का?"

मी हो म्हटलं. मायक्रोस्कोपपुढे तासन्‌तास बसायला मिळणार होतं, तेही तिच्या परवानगीने. आणि तिला माझी गरज आहे, हे मला आवडलं.

बस स्टँडजवळच्या दुकानात आम्ही फोटो मोठे करून घ्यायला गेलो. दुकानदार प्रिंट हातात घेऊन दचकला. "मैडम, ये कोरोना है क्या?"

"नहीं भैया, करोड़ों साल पुराना है," जाऊ म्हणाली.

"फिर तो ठीक है," तो म्हणाला, आणि बिनधास्त बोटं लावून प्रिंट मोजू लागला. आम्ही दोघी रस्ताभर हसलो. त्या दिवशी ती मला आवडली होती. हे लिहायला हवं, कारण पुढचं लिहायचं आहे.

शाळेतून आले की रोज दीड-दोन तास मी त्या खोलीत बसायचे. फोटोवर ट्रेसिंगचा कागद, हातात बारीक शाईचं पेन, आणि दर दोन मिनिटांनी डोळा मायक्रोस्कोपला. अंगाची बाह्यरेषा आली. भिंतीचे एकमेकींना चिकटलेले दोन थर आले. पृष्ठभागावरचा रव्यासारखा खरखरीतपणा मी ठिपक्यांनी दाखवला. तळाचा काटा सगळ्यांत जाड होता, त्याचं टोक पसरट आणि कातरलेलं. कमरेच्या पट्ट्यातले काटे बारीक, एका ओळीत. चौथ्या दिवशी मी कमरेच्या वरच्या ओळीवर आले. तिच्या मजकुरात लिहिलं होतं, पाच.

मी चारच मोजले.

पुन्हा मोजले. वर-खाली फोकस करत पाठीवरून पोटाकडे गेले, पोटावरून पाठीकडे आले. पाचवा म्हणून जो दिसत होता तो डाव्या बाजूला होता आणि वरच्या ओळीत चांगला शोभतही होता. पण चित्र काढणाऱ्याला काट्याचं टोक बघून चालत नाही, मूळ बघावं लागतं. आणि त्याचं मूळ वरच्या ओळीत नव्हतंच. ते खाली, कमरेच्या पट्ट्यात होतं. कवच चेपताना तो बारीक काटा मुडपून वर गेला होता. तिने पट्ट्यातल्या काट्यांबद्दल लिहिलं होतं, पाच दिसतात, सहावा झाकलेला असावा. तो झाकलेला नव्हता. तो हाच होता.

मग मी दाराची कड बघितली. खालची कड सरळ नव्हती. मधोमध एक बारीक कोन होता, दोन फरश्या जिथे भेटतात तिथे पडतो तसा. म्हणजे पाठीवरची एक नव्हे, दोन प्लेटा गळल्या होत्या. दार दोन प्लेटांचं होतं. म्हणजे प्रजातीच वेगळी. ज्या प्रजातीत तिने ही जात घातली होती, त्यातली ती नव्हतीच. तिने ज्या-ज्या जातींशी तुलना केली होती, ती सगळी पानं फुकट होती. कदाचित दुसऱ्या प्रजातीत हिला आधीच कोणी नाव देऊन ठेवलेलं असेल. मग नवी जात, बारसं, वारासिवनीचे फोन, सगळंच गेलं.

स्वयंपाकघरातून तिचा आणि सासूबाईंचा आवाज येत होता.

"आमच्या घराचं नाव ठेवजो वो त्याले," सासूबाई सांगत होत्या.

"आई, गुणावरून ठेवायचं ठरवलंय. त्याच्या टोकांवरून, फुलासारखी आहेत ना."

"ठेव बापा. तुह्यापाशी अक्कल हाय, तू ठरव."

हाक मारायची होती फक्त. "इकडे ये, हे बघ." एवढंच. मी हाक मारली नाही. मी पेन उचललं आणि पाचवा काटा काढला, आणि त्याचं मूळ तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं वर सरकवलं, वरच्या ओळीत. दाराची खालची कड मी सरळ ओढली.

शाई वाळावी म्हणून मी कागदावर फुंकर घातली. 

चित्र पाहून ती खुर्चीतून उठली आणि तिने मला मिठी मारली. तिच्या गाइडनी फोनवर स्तुती केली. लेख एका नियतकालिकाकडे गेला. मी मनाशी एक हिशेब मांडून बसले होते: छापून येईल, मग जगात कुठेतरी कोणीतरी चार काटे मोजेल, आणि मग बघू लहानीची अक्कल. पहिले काही दिवस हा विचार मला गोड लागायचा. वर्गात जाताना, भाजी फोडणीला टाकताना मी तो काढून चाखायचे. मग त्याची चव गेली. ती माझ्यासाठी शाळेच्या वेळेआधी डबा भरून ठेवायची, आणि तो डबा मला उघडवेना.

आमच्या प्राचार्यांना तिच्याबद्दल कळलं आणि त्यांनी तिला शाळेत बोलावलं. सभागृहात अकरावी-बारावीची मुलं, पुढच्या रांगेत आम्ही शिक्षक. ती हिंदीत छान बोलली. मॅंगनीजच्या खाणीच्या गावातल्या मुलांना दगड नवे नव्हते. दगडातला समुद्र नवा होता. शेवटी तिने पडद्यावर माझं चित्र लावलं. भिंतीएवढं.

"और ये चित्र आपकी मैडम ने बनाया है," ती म्हणाली. "बिंदु-बिंदु करके। फोटो में जो नहीं दिखता, वो इन्होंने देखकर बनाया है।"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या मुलांनी बाकं बडवली. प्राचार्य माझ्याकडे वळून हसले. एकोणीस वर्षं ज्या टाळ्यांची मी वाट पाहिली त्या वाजत होत्या, आणि समोर भिंतीएवढा तो पाचवा काटा, खोट्या जागी उगवलेला.  मी उभी राहून हात जोडले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ती साडी बदलायला निघाली, तिला मी कोठीच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, "तो मुख्य नमुना लाव."

तिने काचपट्टी लावली.

"वरच्या ओळीतले काटे मोज. टोकं नको बघू. मुळं बघ."

ती वाकली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी होते. चाकावर तिची बोटं हळूहळू फिरत होती, मग थांबली, मग पुन्हा फिरली. बाहेर सासूबाई कोणाशी तरी बोलत होत्या. बऱ्याच वेळाने ती न उठताच म्हणाली, "चार."

"हौ."

"डावीकडचा पट्ट्यातला आहे."

"हौ. दाराची खालची कडही बघ."

तिने पाहिली. मग डोळा काढून ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढरा पडला होता, पण अजून त्यात राग नव्हता. "बरं झालं ताई, दिसलं तुम्हाला. आज लक्षात आलं का, पडद्यावर?"

इथे मी हो म्हणू शकले असते. ते हो तिने माझ्या हातात आयतं ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "काढतानाच दिसलं होतं."

"काढतानाच? पण चित्रात तर मूळ वर..." ती थांबली. टेबलावरच्या चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मुद्दाम वर काढलं?"

"तू पाच लिहिले होते."

"ताई, खरं सांगा."

मी घरात तिच्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे, ती नागपूरची शिकलेली म्हणून. त्या क्षणी ती भाषा मला सापडेना. "तुझं बरं होऊन राह्यलं होतं," मी म्हटलं, "ते मले पाहवत नव्हतं."

 तिने दिवा बंद केला, मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं, त्याच्या चारही कडा नीट खाली ओढल्या आणि बाहेर गेली. त्या दिवशी जेवायला वाढताना तिने मला सोडून सगळ्यांना हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार लावून तिने गाइडशी फोनवर बोलणं केलं आणि संपादकांना पत्र लिहून लेख परत घेतला. काय लिहिलं ते तिने मला सांगितलं नाही; दीराकडून कळलं. तिने लिहिलं होतं, 'मोजण्यात माझी चूक झाली.' चित्राचा उल्लेख नव्हता. चूक तिची होतीच, पण माझा गुन्हाही तिने त्याच वाक्यात घालून टाकला. आणि लाज वाटायच्या जागी मला काय वाटलं सांगू? तिच्या मनाच्या मोठेपणाचाही मला मत्सर वाटला. तेही माझ्याकडे नव्हतं.

नवऱ्याला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं, एकोणीस वर्षांपूर्वी पत्राला घाबरून लपले तिथपासून.  तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी मनातल्या मनात आपल्या बापाला दोषी धरत आलो."  सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती.

पुढचे तीन-साडेतीन महिने तिने सगळं पहिल्यापासून केलं. सातही नमुने पुन्हा मोजले. चार नमुन्यांत दोन प्लेटांचं दार स्पष्ट होतं, दोनांत अंदाजाने, एक इतका फाटलेला होता की तो तिने सोडून दिला. दुसऱ्या प्रजातीतल्या एकेका जातीचं वर्णन मागवून तिने ताडून पाहिलं. त्या प्रजातीत दोन प्लेटांचं दार असलेल्या जाती होत्या, पण अशी फुललेली टोकं आणि तळाचा असा जाड, कातरलेला काटा कोणाला नव्हता. जात नवीच निघाली. हे तिने सासूबाईंना सांगितलं, मला नाही. मी पडवीत तांदळाच्या पोत्यांमागे उभी राहून ऐकलं. बरं वाटलं. आणि तळाशी कुठेतरी, खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.

मग एक दिवस तिने स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "चित्र पुन्हा काढायला लागेल. काढाल?"

"माझ्याकडून?"

"इथे दुसरं कोण आहे? पण मी शेजारी बसेन."

ती बसली. रोज. प्रत्येक काटा काढण्याआधी मला थांबवून विचारायची, "मूळ कुठंय?" मी सांगायचे, पट्ट्यात, किंवा वरच्या ओळीत, पाठीकडून दुसरा. मग ती स्वतः डोळा लावून खात्री करायची आणि मान हलवायची, तेव्हाच माझं पेन कागदाला टेकायचं. चव्वेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेला हे सोपं नव्हतं. पण या रोजच्या विचारण्यात एक गोष्ट झाली. आम्ही भांडू लागलो. पोटाकडच्या एका काट्यावरून दोन दिवस भांडण चाललं. ती म्हणे तो खालच्या ओळीतला, मी म्हणे खाचेच्या कडेचा. शेवटी तिसऱ्या नमुन्यावर माझं खरं निघालं. "मान्य," ती म्हणाली, आणि कितीतरी आठवड्यांनी माझ्याकडे बघून बोलली.

लेख छापून आला तेव्हा सासूबाईंनी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि माझी चित्रं बोटांनी सरकवत राहिल्या. शेवटच्या पानावर आभारांत एक ओळ माझ्यासाठी होती: रेखाचित्रांसाठी, आणि दाराबद्दल उपस्थित केलेल्या शंकेसाठी. ती ओळ मी तीनदा वाचली. मग वर जाऊन जातीचं नाव वाचलं. त्या नावामागे नियमाप्रमाणे तिचं आडनाव लागलं होतं. पुढे कोणीही, कुठल्याही देशात, त्या कवचाबद्दल लिहील तेव्हा ते तिथे लागेल. माझी ओळ शेवटच्या पानावर, बारीक टायपात. खूप आनंद आणि जुना मत्सर दोन्ही एकाच वेळी होते, आणि कोण आधी आलं ते मला सांगता येणार नाही.

या उन्हाळ्यात तिला एका प्रयोगशाळेत काम मिळालं. दीराने बदलीचा अर्ज केला आहे; तोवर ती एकटी गेली. गोंदियापर्यंतच्या गाडीवर सोडायला मी गेले, बाकी कोणाला वेळ नव्हता. तिची पेटी या वेळी मी उचलली होती, आणि तिने उचलू दिली. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "ताई, एक सांगू? माझा राग अजून पूर्ण गेला नाही."

"जाईल तेव्हा जाईल," मी म्हटलं. "माझंही काही पूर्ण गेलेलं नाही. तुला काम मिळाल्याचं ऐकलं तेव्हा मी आधी हात धुवायला उठून गेले. मग येऊन अभिनंदन केलं."

"मी पाहिलं होतं ते."

"माहीत आहे."

ती हसली. मलाही हसू आलं, आणि फलाटावरच्या बायका आमच्याकडे बघू लागल्या. गाडी आली. मी पेटी आत, खिडकीजवळच्या सीटवर ठेवली आणि एका माणसाला तिथे बसू नका म्हणून सांगितलं.